योस्ट वेंडलिंगचे मत

"टोपी आपल्या डोक्यासाठी असते, फीत शेजाऱ्याच्या डोळ्यासाठी."

योस्ट वेंडलिंग हे एकदाच म्हणाला, पण ह्यूबर्सटाउनमध्ये ते वाक्य इतक्या तोंडांतून फिरले की शेवटी त्याला स्वतःलाच ते परके वाटू लागले. त्या वर्षी, १७९८ साली, व्हर्जिनियातल्या शेनँडोआच्या खोऱ्यात माणूस समोर आला की लोक त्याच्या तोंडाकडे नव्हे, टोपीकडे पाहत. फेडरलिस्टांच्या टोपीवर काळ्या फितीचे फूल, रिपब्लिकनांच्या टोपीवर तांबड्या, पांढऱ्या, निळ्या फितीचे. काळे फूल म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या बाजूचा, फ्रान्सशी लढायला निघालेला, सगळी राज्ये एका मुठीत हवीत म्हणणारा. रंगीत फूल म्हणजे ती मूठ राजाची आहे असे म्हणणारा. आणि ज्याच्या टोपीवर काहीच नाही तो सर्वांत वाईट, कारण त्याच्या पोटात काय आहे ते कळायला वाटच नाही.

योस्ट गावात टोप्या बनवी. दोन्ही फुले त्याच्याच दुकानात शिवली जात, एकाच सुईने, एकाच बाकावर. त्याच्या स्वतःच्या टोपीवर मात्र काही नसे.

आधी लोकांनी थट्टा केली. योस्ट दोन्हीकडचे तूप खातो म्हणाले. मग थट्टा कमी झाली आणि लोक दुकानात शिरल्यावर हळू बोलू लागले. पुढे तर शिरेनासेच झाले. बाहेरूनच टोपी आत देत आणि बाहेरूनच परत घेत. गावातल्या जर्मन लोकांच्या चर्चमध्ये योस्ट ल्यूथरच्या पंथाचा वडीलधारा होता, दर रविवारी पहिल्या बाकावर बसे. त्याच्या मागचा बाक रिकामा राहू लागला.

त्याचे हात कापत. सशाच्या कातड्यावर पारा मिसळलेले पाणी घासून घासून या धंद्यातल्या प्रत्येकाचे हात उतारवयात कापायला लागतात. पेला ओठाशी नेताना अर्धा सांडतो. गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण संशय आला की माणूस ठाऊक असलेलेच आधी विसरतो. खानावळवाल्या बार्बलने तर त्याच्या बायकोला, ओटिलीला, विहिरीवर सरळच विचारले होते, "तुझ्या नवऱ्याचे हात कशाने गं कापतात? पाऱ्याने की पापाने?"

बायका हसल्या. ओटिलीही हसली. घागर घेऊन घरी आली आणि तिच्या लक्षात आले की घागर रिकामीच आहे.

हा प्रश्न तिचाही होता.

ओटिलीचा धाकटा भाऊ फेल्टन गाडीची चाके बनवी. त्याच्या तोंडाला ताळ नव्हता. रंगीत फूल त्याच्या टोपीवर एवढे मोठे असे की योस्ट म्हणे, फुलाखाली टोपी शोधावी लागते. डिसेंबरात एका दुपारी तो दुकानात बसला होता. बाहेर बर्फ, आत कढईतल्या उकळत्या पाण्याची वाफ. योस्ट कापत्या हातांनी नमदा, टोपीसाठीचे केसांचे जाड कापड, दाबत होता. गावचा गिरणीवाला म्हातारा हाइनरिख शेगडीशी पाय शेकत बसला होता. जात्याच्या घरघरीने त्याचे दोन्ही कान केव्हाच गेलेले. ओटिली सूप घेऊन आली तेव्हा फेल्टनचे रिचमंडच्या विधानसभेवर चालले होते, तिथल्या ठरावावर, नव्या कायद्यावर. राष्ट्राध्यक्षाविरुद्ध वाईट बोलणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंग, असा कायदा राजधानीत नुकताच झाला होता. फेल्टनने सुपाची वाटी हातात घेतली आणि म्हणाला, "तो म्हातारा राजा व्हायला निघालाय, दाजी. उद्या फ्रेंच या खोऱ्यात उतरले ना, तर मी कंदील घेऊन त्यांना वाट दाखवीन."

योस्टचे हात नमद्यावर थांबले. वाफेतून त्याचा चेहरा ओटिलीला नीट दिसला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती तोच चेहरा आठवायचा प्रयत्न करत राहिली.

ख्रिसमस होऊन गेला आणि फेल्टनला धरून नेले. मे महिन्यात रिचमंडला मोठे कोर्ट बसेपर्यंत त्याला गावच्याच तुरुंगात, कोर्टाच्या मागच्या दगडी खोलीत ठेवले. आरोप मोठ्याने वाचला तेव्हा ओटिली दारात उभी होती. त्यात म्हातारा होता, राजा होता, फ्रेंच होते. आणि कंदीलही होता.

फेल्टन गावभर बोलत असे, पण कंदिलाचे वाक्य त्या एका दुपारीच बोलला होता. त्याने बहिणीला शपथेवर सांगितले. त्या खोलीत चार माणसे होती. एक बहिरा. एक स्वतः फेल्टन. एक ती.

ती चौथ्यापाशी यायची आणि मागे फिरायची. दाराबाहेर कुणी उभे असेल. पण दार लावलेले होते, बर्फ आत येत होते म्हणून तिनेच लावले होते. हाइनरिखला ओठ वाचता येत असतील. ती मुद्दाम गिरणीवर गेली, म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाली की तुझ्या गिरणीला आग लागली आहे. म्हातारा हसला आणि पीठ किती हवे ते बोटांनी विचारू लागला. ती पीठ घेऊन परत आली. वाटेत रडली.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. त्या दुपारनंतर दोन-तीन दिवसांनी योस्ट नदीकडे गेला होता, बीव्हरची कातडी पाहायला. दिवसभर बाहेर होता. परत आला तेव्हा खांद्यावर एकही कातडे नव्हते, आणि तो जेवलाही नाही. नदीच्या वाटेवरच फेडरलिस्टांच्या पुढाऱ्याचा, कर्नल स्टॅनफील्डचा, मळा होता.

संशय हा घरात शिरलेल्या धुरासारखा असतो. कुठून येतो ते सापडत नाही, पण उशीला वास येतो.

पंधरा वर्षे ती या माणसाबरोबर राहिली होती. तो दारू पीत नसे, मारत नसे, खोटे बोलत नसे, कारण मुळात बोलतच नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच तो तिच्याशी मनापासून बोलला होता, इंग्रजांविरुद्धच्या लढाईतल्या हिवाळ्याबद्दल. तळावर प्रत्येक राज्याची चूल वेगळी होती. पेनसिल्वेनियाच्या चुलीवर मांस शिजत होते आणि हाकेच्या अंतरावर मेरीलँडची पोरे चामड्याचा पट्टा उकळून खात होती. कुणी उठून तुकडा देईना, कारण ते मांस पेनसिल्वेनियाचे होते. "त्या दिवशी इंग्रज आले असते," योस्ट म्हणाला होता, "तर त्यांना तेरा राज्यांची वेगवेगळी मढी सापडली असती. देश सापडला नसता."

पुढे कधी विषय निघाला की तो नमदा हातात घेई. ससा, बीव्हर, मेंढी, सगळ्यांचे केस पिंजाऱ्याच्या धनुकलीने उडवायचे, गरम पाण्यात भिजवायचे, दाबायचे, पुन्हा भिजवायचे. मग कुठला केस कुणाचा हे देवालाही वेगळे करता येत नाही. देश असा हवा, इतकेच तो म्हणे. गरम पाण्याबद्दल आणि दाबण्याबद्दल त्याला काही वाटत नसे. ते तर कामच होते.

मार्चमध्ये तिने त्याला विचारले. चूल विझत आली होती. त्याच्याकडे न बघता विचारले, "तुम्ही सांगितलंत का?"

त्याने निखारे राखेखाली सारले. मग म्हणाला, "एक केस उलटा बसला, की तिथूनच सगळा नमदा फाटतो, ओटिली."

"माझा भाऊ केस नाही," ती म्हणाली.

त्याचे ते उत्तर होते की नव्हते, तिला कळले नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी नेहमीसारखी राय धान्याची भाकर आणि सफरचंदाचा मुरंबा ठेवला. भाकर कापताना सुरी तिच्या हातात जरा जास्त वेळ राहिली, एवढेच.

एप्रिलमध्ये काँग्रेसची, म्हणजे देशाच्या कायदेमंडळाची, निवडणूक होती. फेडरलिस्टांकडून कर्नल स्टॅनफील्ड उभा होता, रिपब्लिकनांकडून डॉक्टर मॅकिल्वेन. निवडणुकीच्या थोडे आधी कर्नलचा पुतण्या, एक तरुण वकील, मागच्या वाटेने अंगणात आला. ओटिली तिथे साबणाची कढई ढवळत होती. त्याने तिला टोपी काढून नमस्कार केला आणि ती तिथे नसल्यासारखा योस्टशी बोलला. त्याचे म्हणणे असे की फेल्टन दारूच्या भरात बोलला असेल, असे कर्नलसाहेबांना आता वाटू लागले आहे. मॅजिस्ट्रेट त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. आरोपाचा कागद रिचमंडला गेला नाही म्हणजे गेला नाही, फेल्टन त्याच संध्याकाळी घरी. फक्त वेंडलिंगसाहेबांनी निवडणुकीच्या दिवशी कर्नलसाहेबांना मत द्यावे, आणि ते सकाळीच द्यावे, कारण चर्चचे सगळे जर्मन त्यांच्याकडे बघून देतील.

योस्टने विचारले, सकाळी म्हणजे किती लवकर. पुतण्या म्हणाला, कर्नलसाहेबांचे भाऊबंद आटोपले की लगेच.

व्हर्जिनियात मत लपवून देता येत नाही. कोर्टाच्या दालनात शेरीफ नाव पुकारतो, माणूस टेबलापुढे जातो, आणि सगळ्या गावादेखत मोठ्याने सांगतो की माझे मत अमुक अमुकला. उमेदवार तिथेच बाकावर बसलेले असतात. ज्याचे नाव घेतले तो उठतो, वाकतो आणि आभार मानतो. लोक एका बाजूने टाळ्या वाजवतात, दुसऱ्या बाजूने खाकरतात. एकदा तोंडातून निघालेले नाव जन्मभर त्या माणसाच्या अंगाला चिकटून राहते. त्याच्या पोरीच्या लग्नातही लोक ते काढतात.

गावाने केव्हाच ठरवून टाकले होते. योस्टने कर्नलचे नाव घेतले, तर मेव्हण्याला त्यानेच पकडून दिले, याला आणखी पुरावा नको. बार्बलच्या खानावळीत यावर पैजा लागल्या होत्या. बार्बल स्वतः म्हणे की तो डॉक्टरचे नाव घेईल, कारण चोर नेहमी उलट्या वाटेने घरी जातो.

ओटिलीला नाव कुणाचे याची पर्वा राहिली नव्हती. फेल्टनला खोकला लागला होता. ती रोज त्याला गजांतून सूप देई, आणि रोज वाटीवर धरलेली त्याची बोटे आणखी बारीक दिसत. सुरुवातीला तो आतूनही गर्जत असे. म्हणे, दाजींना विचार, माझी टोपी विकली का, विकली असेल तर फूल तरी परत द्या म्हणावं. आता गर्जना संपली होती. पुतण्या येऊन गेल्याचे तिने सांगितले तेव्हा तिला वाटले होते की हा भिंतीवर थुंकेल. फेल्टन गज धरून उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "दाजींना म्हणावं, घ्या नाव. कर्नलचं तर कर्नलचं."

"तू हे म्हणतोस?"

"मला इथे मरायचं नाही गं. बाकीचं बाहेर आल्यावर बघू."

घरी येऊन तिने योस्टला ते शब्दच्या शब्द सांगितले. आणि वर स्वतःचे सांगितले, की हिवाळ्यात काय झाले ते मी तुम्हाला पुन्हा कधी विचारणार नाही. आयुष्यात नाही. तुम्ही फक्त नाव घ्या. योस्टने मान हलवली. ते हो होते. इतक्या वर्षांत त्याच्या मानेचे हो आणि नाही तिला ओळखता येऊ लागले होते.

निवडणुकीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात कर्नलचा बैल भाजत होता आणि डॉक्टरच्या डुकराची चरबी निखाऱ्यात गळत होती. रमचे पिंप दोघांचेही होते. लोक एकाचे मांस खात, दुसऱ्याचे पीत, आणि बोलताना मागे वळून बघत. कर्नलचा गुलाम पाच-सहा घोड्यांचे लगाम धरून भिंतीशी उभा होता. खिडकीतून येणारे प्रत्येक नाव त्याच्या कानावर पडत होते आणि त्याचा चेहरा हलत नव्हता. बायकांना आत जागा नव्हती. त्या खिडक्यांशी उभ्या होत्या. ओटिलीने टेबलाजवळची खिडकी गाठली होती. बार्बल तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, आल्याचा केक खात.

आधी कर्नलचे भाऊबंद आले. कर्नल प्रत्येकासाठी उठला. तो जुन्या घराण्यातला, रीतीभातीचा माणूस. नुसते आभार मानून त्याचे भागत नसे. प्रत्येकाला त्याचा म्हणून एक शब्द देई. घोडी व्याली का, आईचा गुडघा कसा आहे, मागच्या महिन्यात मोळ्या धाडल्यास ते विसरलो नाही. लोकांना ते आवडे. डॉक्टर मॅकिल्वेन नुसताच मान तुकवी, म्हणून त्याला गर्विष्ठ म्हणत.

शेरीफने पुकारले, "योस्ट वेंडलिंग."

दालनात बोलणे थांबले. काळी फुले एका बाजूला, रंगीत फुले दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या वाटेने योस्ट चालत आला. टोपी त्याने काढून हातात घेतली होती. हात कापत होते, टोपी कापत होती. बार्बल खाता खाता थांबली. चर्चचे जर्मन मागच्या भिंतीला टेकून उभे होते, एकमेकांकडे न बघता.

तो टेबलापुढे उभा राहिला. कारकुनाने टाक बुडवला. शेरीफने विचारले, कुणाला मत. योस्टने घसा खाकरला.

आणि कर्नल उठला.

सकाळपासून तो उठत आणि वाकत होता. अंगाला लय लागली होती. समोर आपला माणूस उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून नाव निघायच्या आधीच कर्नल छातीवर हात ठेवून वाकला.

"आभारी आहे, वेंडलिंगसाहेब," तो प्रसन्नपणे म्हणाला. "हिवाळ्यात माझ्या घरी चालत आलात, त्याचेही आभार राहूनच गेले होते."

पुतण्याने मागून काकाच्या कोटाला हात घातला, पण तोवर शब्द दालनभर पोचले होते. कर्नलला काही कळले नाही. तो हसतच उभा राहिला, उत्तराची वाट पाहत, जसे कुणाला घोडीबद्दल विचारले असावे.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी खाकरलेही नाही. कारकुनाच्या टाकावरून शाईचा थेंब पडला आणि तो त्याने बोटाने पुसला. रंगीत फुलांच्या बाजूने एक हलकी हालचाल झाली, गवतातून जनावर जावे तशी, आणि थांबली. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या जर्मनांपैकी दोघांनी डोक्यावर टोप्या घातल्या.

"हिवाळ्यात?" बार्बल खिडकीशी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता. "कशाला गं गेला होता हिवाळ्यात?"

ओटिलीला आश्चर्य वाटले नाही, आणि आश्चर्य वाटले नाही याचेच तिला भय वाटले. म्हणजे इतके महिने ती शोधत नव्हतीच. तिला ठाऊक होते आणि ती ते ठाऊक असलेले उशीखाली ठेवून झोपत होती. पण त्याच क्षणी तिला दुसरेही काही आठवले. दगडी खोली. वाटीवरची बारीक बोटे. झाले ते झाले, आता तर लपवायलाही काही उरले नाही. आता त्याने ते नाव घेतले तर त्याचे आणखी काय जाणार आहे? फेल्टन मात्र संध्याकाळी घरी येईल.

शेरीफने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने, "वेंडलिंग, मत कुणाला?"

योस्टने मान वळवली आणि खिडकीकडे पाहिले. इतक्या माणसांतून त्याने तिलाच शोधले. वाफ नव्हती, धूर नव्हता. त्याचा चेहरा तिला स्वच्छ दिसला. साठीचा, खचलेला, कुणाचाही असू शकेल असा चेहरा. तिने खिडकीचे गज घट्ट धरले आणि आवाज न काढता ओठ हलवले. घ्या नाव. घ्या ना.

त्याला ते कळले. कळले हे तिला दिसले.

त्याचे ओठ उघडले. कर्नल पुन्हा वाकायच्या बेतात थोडा पुढे झाला. डॉक्टरने मान वर केली. मग योस्टचे ओठ मिटले. कर्नलचे नाव आता मत नव्हते, हिवाळ्यातल्या त्या फेरीची पावती होती, आणि डॉक्टरचे नाव खोटे ठरले असते. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी सरळ केली, आणि तो वळला. मधली वाट अजून मोकळीच होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी अंग चोरले, त्याचा कोट लागू नये म्हणून. तो कुणाकडे न पाहता चालत दारापर्यंत गेला आणि एक शब्द न बोलता बाहेर पडला.